कॉफीची बी आणि ड्यूटीची वही

लडाखमधल्या एका पोस्टवर माझी रात्रपाळी असायची. मी सिग्नल्सचा जवान. वायरलेस सेटसमोर बसायचं, ठरलेल्या वेळी संपर्क साधायचा आणि आलेला-गेलेला प्रत्येक संदेश वेळेसकट लॉगमध्ये उतरवायचा, हे आमचं काम. पहाटे तीनच्या सुमाराला डोळ्यांवर अशी झापड यायची की बुखारीची ऊब नकोशी वाटायची. माझ्या पाळीला कूर्गचे एक हवालदार असत. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. रजेवरून परतताना सगळे जण घरचे लाडू, चिवडा आणायचे. अण्णा आणायचे एक कापडी पिशवी आणि त्यात किलो-दीड किलो हिरवट, राखाडी, दगडासारख्या कडक बिया.

रॉकेलच्या स्टोव्हवर मेसटिन ठेवून ते मूठभर बिया भाजायचे. अँटेनाच्या खुंट्या ठोकायची एक हातोडी होती. तिचा लाकडी दांडा स्वच्छ पुसून ते भाजलेल्या बिया स्टीलच्या मगात कुटायचे. मग वर पाणी ओतून झाकण ठेवायचं आणि थांबायचं. साडेचार हजार मीटर उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कॉफीचा अर्क उतरायला वेळ लागतो. अण्णा म्हणायचे, "इथं घाई चालत नाही. पाणीच थंड आहे, तर आपण थांबायचं."

एकदा मी विचारलं, "अण्णा, घरूनच भाजून का आणत नाही?"

ते म्हणाले, "भाजलेली कॉफी पंधरा-वीस दिवसांत म्हातारी होते. कच्ची बी वर्षभर झोपून राहते. जागी करायची तेव्हा करायची."

माझं बालपण सातारा जिल्ह्यात चहावर गेलं. कॉफी आमच्या घरात व्हायची ती पाहुणे आले तर, दुधात साखर-जायफळ घालून. त्या पोस्टवर पहिल्यांदा मला कळलं की कॉफीला स्वतःची चव असते. पुढे निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा पेन्शनच्या कागदांबरोबर ही आवडही सोबत आली. आज घराच्या मागच्या पडवीत मी स्वतः बिया भाजतो, आणि आसपासची काही घरं व दोन छोटी हॉटेलं माझ्याकडून कॉफी नेतात. या वाटेवर बरंच शिकलो, काही वेळा पैसे घालवून शिकलो. तुमच्यापैकी ज्यांना घरी कॉफी भाजून पाहायची आहे, आणि विशेषतः जे माझे बांधव लवकरच गणवेश उतरवणार आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सैनिक आणि कॉफी : नातं जुनं आहे

अण्णा करत होते ते काही नवलाचं नव्हतं. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैनिकांना शिध्यात कॉफी मिळायची, आणि बरेचदा ती कच्च्या बियांच्या रूपात. शेकोटीवर तव्यात त्या बिया भाजायच्या आणि बंदुकीच्या दस्त्याने कुटायच्या, हा त्यांचा रोजचा क्रम होता.

आपल्याकडे तर सैन्य आणि कॉफी एकाच मातीत वाढली आहेत. भारतीय लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा कोडगूचे, म्हणजे कूर्गचे. १५ जानेवारी १९४९ रोजी त्यांनी सूत्रं हाती घेतली, म्हणून तो दिवस आपण सेना दिन म्हणून पाळतो. जनरल थिमय्यांचा जन्मही तिथलाच, मडिकेरीचा. देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कर्नाटकात पिकते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा या छोट्याशा कोडगू जिल्ह्याचा आहे. त्या डोंगरांत घरटी एक फौजी आणि परसात कॉफीची झुडपं हे चित्र आजही दिसतं.

महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मेळघाटात, चिखलदऱ्याला, आणि तीही थोडीच. त्यामुळे आपल्याला बिया बहुतेक कर्नाटकातूनच आणाव्या लागतात. मात्र भाजण्याचं ज्ञान आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. चकलीची भाजणी, थालीपिठाची भाजणी, शेंगदाणे, रवा, तीळ हे सगळं आपल्या आया-बहिणी वासावर ओळखून उतरवतात. कॉफीही त्याच घरातली समजा, म्हणजे निम्मी भीती जाईल.

आधी कच्ची बी ओळखा

खराब बी कितीही निगुतीनं भाजली तरी चांगली कॉफी होत नाही. माझी पहिली ठेच इथेच लागली. फोनवर भाव ठरवून एका व्यापाऱ्याकडून दहा किलो बिया मागवल्या. पोतं उघडलं तर ओल्या गोणपाटाचा कुबट वास. बिया पांढुरक्या पडल्या होत्या, म्हणजे माल जुना होता. निम्म्याहून अधिक टाकून द्यावा लागला. तेव्हापासून नमुना भाजून, पिऊन पाहिल्याशिवाय मी एक किलोही घेत नाही.

जाती मुख्य दोन. अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका उंचावर येते, बी लांबट, मधली चीर थोडी वळणदार, चवीला सौम्य, फळासारखी आंबटगोड. रोबस्टा कमी उंचीवर येते, बी गोलसर, चव कडक, आणि तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट असतं. दुधाच्या कॉफीला रोबस्टाचा आधार लागतो. काळी कॉफी प्यायची असेल तर अरेबिका घ्या. बाळेहोन्नूरला १९२५ मध्ये सुरू झालेल्या कॉफी संशोधन केंद्रात तयार झालेला ‘एस. ७९५’ हा अरेबिकाचा वाण आजही मोठ्या प्रमाणावर लावला जातो. नवशिक्याने त्याच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण तो भाजताना फारसा दगा देत नाही.

व्यापारात काही शब्द कानावर पडतील, ते समजून घ्या. फळाची साल-गर काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला ‘प्लांटेशन’ म्हणतात. तशाच धुतलेल्या रोबस्टाला ‘पार्चमेंट’ म्हणतात. अख्खं फळ उन्हात वाळवून मग बी काढली तर ती ‘चेरी’. पुढे ‘डबल ए’, ‘ए’, ‘बी’ ही अक्षरं लागतात, ती बीच्या आकाराची. चाळणीवर राहिली ती मोठी, खाली पडली ती लहान. ‘पीबी’ म्हणजे पीबेरी. एरवी फळात दोन बिया समोरासमोर चपट्या वाढतात, काही फळांत मात्र एकच गोल बी तयार होते, तिला पीबेरी म्हणतात. ती कढईत छान लोळते, त्यामुळे एकसारखी भाजली जाते. कढईत शिकणाऱ्यांना मी पीबेरीच सुचवतो.

घेताना चार गोष्टी पाहा. रंग हिरवट किंवा निळसर-राखाडी हवा, पांढुरका किंवा पिवळट नको. वास ताज्या गवतासारखा किंवा सुक्या डाळीसारखा हवा, बुरशीचा नको. बियांना भोकं नकोत, भोक म्हणजे कीड. आणि हंगाम विचारा. आपल्याकडे अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होते, रोबस्टाची त्यानंतर. मागच्या की त्या आधीच्या हंगामाचा माल आहे, हे विचारायला संकोच करू नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, कच्च्या बिया घट्ट बंद डब्यात, जमिनीपासून उंचावर ठेवा. चांगल्या बीत दहा ते बारा टक्के ओल असते. त्याहून वाढली की बुरशी धरते.

कढईतला पहिला घाणा

यंत्र आत्ता घेऊ नका. लोखंडी कढई, लाकडी उलथनं, दोन मोठ्या चाळण्या, एक सूप, घड्याळ, वजनकाटा आणि वही एवढं पुरे. नॉनस्टिक भांडं मात्र अजिबात वापरू नका. कॉफी भाजायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या तापमानाच्या जवळपास त्याचा थर खराब होऊ लागतो.

धूर होतो, हे आधीच सांगतो. खिडक्या उघडा, पंखा बाहेर हवा टाकणारा असू द्या, शक्य असेल तर पडवीत किंवा अंगणातच भाजा. लहान मुलांना लांब ठेवा आणि कढई सोडून कुठेही जाऊ नका. बियांची साल सुटून उडते, ती आचेवर पेट घेऊ शकते. माझ्याकडे एकदा तसं झालं होतं. गॅस बंद करून कढईवर ताबडतोब झाकण ठेवलं, विस्तव तिथेच विझला. अशा वेळी पाणी ओतायचं नाही.

आता प्रत्यक्ष घाणा. दोनशे ग्रॅम बिया मोजून घ्या. कढई मध्यम आचेवर दोन मिनिटं तापवा, बिया टाका, घड्याळ सुरू करा आणि हात सुरू ठेवा.

पहिली चार-पाच मिनिटं बीतली ओल निघते. हिरवा रंग फिका होत पिवळा होतो. आधी ओल्या गवताचा वास येतो, मग तांदूळ भाजल्यासारखा. या टप्प्यात काहीच घडत नाहीये असं वाटून माणूस आच वाढवतो. तसं करू नका. बाहेरून डाग पडतो आणि आत कच्चं राहतं.

साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाला रंग बदामी होतो. वास पोळी शेकल्यासारखा, खमंग. साल सुटून उडू लागते. इथून पुढे रंग भराभर बदलतो, म्हणून नजर हलवायची नाही.

नऊ ते अकरा मिनिटांच्या दरम्यान पहिला आवाज येतो. टप्‌. थोड्या वेळाने आणखी एक. मग ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट. बीच्या पोटातली वाफ आणि वायू बाहेर पडताना बी फुटते, तिचा हा आवाज. भाजणारे याला ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात, मी पहिली तडतड म्हणतो. या वेळी बीचं तापमान दोनशे अंशांच्या आसपास असतं. बी फुगते, मधली चीर उघडते. आता ती दळून पिता येण्याजोगी झाली. आवाज सुरू होताच आच थोडी कमी करा आणि वहीत वेळ लिहा.

इथून पुढचा प्रत्येक अर्धा मिनिट चव ठरवतो. तडतड संपता संपता, म्हणजे दीड-दोन मिनिटांत उतरवली तर फळाचा आंबटपणा आणि सुगंध राहतो. ही हलकी भाजणी, काळ्या कॉफीसाठी. आणखी एक-दीड मिनिट ठेवली तर गूळ, शेंगदाणे, कोकोची आठवण देणारी मध्यम भाजणी. नवशिक्यांनी इथेच थांबावं. आणखी पुढे गेलं की दुसरी तडतड ऐकू येते. ती पहिलीपेक्षा बारीक आणि जलद असते, फोडणीत मोहरी तडतडते तशी. तेव्हा तापमान २२५ अंशांच्या घरात असतं आणि बीवर तेल दिसू लागतं. दुधातल्या कडक कॉफीसाठी काही जण इथपर्यंत जातात. त्यानंतर मात्र काही सेकंदांत कोळसा होतो.

माझे पहिले आठ-दहा घाणे करपले किंवा कच्चे राहिले. मी घड्याळाकडे बघून उतरवत होतो. आई पडवीत बसून भाजी निवडत होती. तिने आयुष्यात कॉफीची बी पाहिली नव्हती. पण एका दुपारी ती म्हणाली, "अरे, वास बदलला बघ. आत्ता उतरव. घड्याळ काय सांगतंय, ते मागनं बघ." मी उतरवली. तो माझा पहिला नीट जमलेला घाणा. घड्याळ नोंदीसाठी हवं, निर्णय मात्र नाक आणि कानच देतात, हे मी तिच्याकडून शिकलो.

गार करणं आणि मुरवणं

कढई उतरवली म्हणजे काम संपलं नाही. बीच्या पोटात इतकी उष्णता असते की बाहेर काढल्यावरही ती आतून भाजत राहते. म्हणून चार मिनिटांच्या आत हाताला कोमट लागेल इतकी गार करा. एका चाळणीतून दुसऱ्या चाळणीत उंचावरून ओतत राहा, समोर टेबल फॅन लावा. साल आपोआप उडून जाते. उरलेली सुपात घेऊन पाखडून काढा. आपल्याकडचं सूप हे या कामाचं उत्तम अवजार आहे.

पाखडताना काही बिया इतरांपेक्षा फिक्या, पिवळट दिसतील. त्या कच्च्या फळांतल्या बिया. त्या कितीही भाजल्या तरी रंग धरत नाहीत आणि दळल्या तर पूर्ण कपाला शेंगदाण्याच्या सालीची चव देतात. निवडून टाका. तांदूळ निवडतो तसं दोन मिनिटांचं काम आहे.

मग वजन करा. दोनशे ग्रॅमचे साधारण १६५ ते १७५ ग्रॅम होतात. ओल निघून जाते, साल जाते, आणि जितकं जास्त भाजाल तितकी घट जास्त.

ताजी भाजलेली कॉफी लगेच पिऊ नका. बीतून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडत असतो, तो पाणी आत नीट शिरू देत नाही. निदान एक रात्र झाकण सैल ठेवून डब्यात मुरू द्या. तिसऱ्या ते दहाव्या दिवसात चव सर्वांत खुलते. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथली ओल आणि भाज्यांचे वास ती ओढून घेते. बी अख्खीच ठेवा, दळा ती रोजच्या पुरती. दळल्यावर सुगंध तासाभरातच उतरू लागतो.

वही : खरं यंत्र हेच

आता सर्वांत महत्त्वाचं सांगतो. सिग्नल्समध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून एक सवय लावली होती. जे घडलं ते घडलं त्याच वेळी लिहायचं. नंतर आठवून नाही, अंदाजाने नाही. लॉगमध्ये नाही ते झालंच नाही, असं समजायचं. निवृत्तीनंतर माझ्या उपयोगी सर्वांत जास्त कुठली गोष्ट पडली असेल तर ती ही सवय.

कॉफी भाजणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. एखादा घाणा अप्रतिम जमतो, घरातले सगळे वाहवा करतात, आणि पुढच्या वेळी तसा करायला जावं तर जमत नाही. कारण पहिल्या वेळी नेमकं काय केलं होतं ते लिहिलेलं नसतं. चांगला घाणा एकदा निघणं हे नशीब. तोच पुन्हा काढता येणं हे कौशल्य, आणि ते वहीतूनच येतं.

प्रत्येक घाण्याला एक पान द्या. त्यावर तारीख, हवा कोरडी की दमट, बी कुठली आणि किती, आच कशी होती, पिवळी कधी झाली, पहिली तडतड कधी सुरू झाली, कधी उतरवली, नंतरचं वजन, एवढं लिहा. पानाचा खालचा अर्धा भाग कोरा ठेवा. तिसऱ्या दिवशी कॉफी पिऊन चव तिथे लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आच बदलली तर वेळ तीच ठेवा, बी बदलली तर आच तीच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला, ते कळणार नाही.

चव पाहण्याची सोपी रीत अशी. दोन सारखे पेले घ्या. प्रत्येकात दहा ग्रॅम भरड दळलेली कॉफी आणि १८० मिलिलिटर गरम पाणी. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडून वास घ्या, फेस काढा, थोडी गार झाल्यावर चमच्याने सुर्रकन ओढून प्या. एकच कप पिऊन चांगलं-वाईट सांगणं कठीण असतं. दोन शेजारी ठेवले की जीभ लगेच बोलते.

काय चुकलं ते चवीवरून ओळखता येतं. गवतासारखी, तुरट लागली तर आत कच्ची राहिली, पहिल्या तडतडीनंतर थोडा वेळ वाढवा. बीवर काळे ठिपके आणि चवीत धुरकटपणा असेल तर कढई सुरुवातीला फार तापली होती. ना आंबट ना गोड, नुसती पुठ्ठ्यासारखी निर्जीव लागली तर आच फार मंद होती, वीस-वीस मिनिटं भाजत बसलात. कडवट राखेची चव आली तर उतरवायला उशीर झाला. काही बिया काळ्या आणि काही फिक्या निघाल्या तर हात थांबत होता किंवा बिया फार जास्त घातल्या होत्या.

कप करताना

भाजलेल्या कॉफीला न्याय द्यायचा असेल तर प्रमाण मोजून घ्या. पंधरा ग्रॅम कॉफीला सव्वादोनशे ते २४० मिलिलिटर पाणी. मैदानी भागात उकळलेलं पाणी अर्धा मिनिट थांबवून ओता, म्हणजे ते ९० ते ९६ अंशांत येतं. पितळी किंवा स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरसाठी बारीक दळा, फार दाबू नका, पाणी ओतून निवांत उतरू द्या. दुधाची कॉफी आवडत असेल तर निम्मी अरेबिका, निम्मी रोबस्टा घेऊन पाहा. आणि पहिल्या कपात जायफळ, वेलदोडा, चिकोरी काही घालू नका. आधी बीची मूळ चव कळू द्या, मग आपल्या घरच्या रीतीने करा.

गणवेश उतरवणाऱ्या बांधवांसाठी

तीस वर्षं पहाटे पाचला उठायची सवय झालेला माणूस घरी येतो आणि त्याच्या लक्षात येतं की आता पाचला उठून करायचं काहीच नाही. पहिले काही महिने सत्कार, नातेवाईक, देवदर्शन यांत जातात. मग रिकामेपण अंगावर येतं. मला त्या दिवसांत कढईने सावरलं. ठरावीक वेळ, ठरावीक काम, पूर्ण लक्ष आणि शेवटी वहीत नोंद. ही ड्यूटीच होती, फक्त वरिष्ठ कोणी नव्हतं. म्हणून सांगतो, व्यवसाय होवो न होवो, आवड असेल तर हे काम जरूर करा.

व्यवसाय करायचा विचार असेल तर मात्र चार गोष्टी शांतपणे ऐका.

पहिली गोष्ट पैशाची. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचे पैसे हाती आले की मोठं यंत्र घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. कढईवर निदान पन्नास घाणे वहीत उतरवा. त्यानंतर एक किलोचं छोटं ड्रम रोस्टर पुरतं, आणि त्यातही एका वेळी पाऊण किलोच घाला. विक्री त्याच्या बाहेर जाऊ लागली की मग मोठ्याचा विचार.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा, कच्ची बी ६०० रुपये किलोने मिळाली. भाजल्यावर किलोचे ८४० ग्रॅम उरले, तर भाजलेल्या किलोला नुसत्या बीचाच खर्च ७१४ रुपये झाला. त्यावर गॅस, वीज, पाकीट, कुरिअर, बिघडलेले घाणे, चवीसाठी वाटलेले नमुने आणि तुमची मजुरी. बरेच जण घट आणि स्वतःची मजुरी धरायला विसरतात आणि वर्षभराने कळतं की आपण पेन्शनमधून लोकांना कॉफी पाजत होतो. पंधरा दिवसांत विकली जाईल तेवढीच भाजा. शिळा माल स्वस्तात काढू नका, तो घरी वापरा.

तिसरी गोष्ट शिक्षण आणि कागदपत्रांची. बेंगळुरूला कॉफी बोर्डाचं मुख्यालय आहे. तिथे ‘कापी शास्त्र’ नावाचं भाजणी आणि कॉफी बनवण्याचं प्रशिक्षण घेतलं जातं. ते करा. निवृत्तीआधी डीजीआरतर्फे, म्हणजे पुनर्वसन महासंचालनालयातर्फे जे अभ्यासक्रम असतात, त्यांची माहिती युनिटमध्येच मिळवा. निवृत्तीनंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन सध्या कुठल्या योजना चालू आहेत ते विचारा. विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो, तो अर्ज ऑनलाइन करता येतो. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पाकिटावर वजन, भाजल्याची तारीख, किंमत, पत्ता आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट छापा. पाकीट वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचं घ्या, नाहीतर ते फुगतं.

चौथी गोष्ट सचोटीची. कॉफीत चिकोरी मिसळणं गैर नाही, दक्षिणेत पुष्कळांना तीच चव आवडते. पण किती टक्के मिसळली आहे ते पाकिटावर लिहिलंच पाहिजे, आणि नियमाप्रमाणे कॉफीचं प्रमाण निम्म्याहून जास्त हवं. आणखी एक. आपल्या नावापुढे ‘माजी सैनिक’ लिहिलं की लोक आदराने पहिलं पाकीट घेतात. त्या आदराचं ओझं ओळखा. दुसरं पाकीट त्यांनी केवळ चवीसाठी घेतलं पाहिजे. गणवेशाच्या नावाने कच्चा किंवा करपलेला माल कोणाच्या घरी जाता कामा नये.

अण्णांचा फोन

अण्णा माझ्या आधीच निवृत्त झाले आणि कूर्गला आपल्या बागेत परतले. माझ्याकडच्या बिया आता त्यांच्याच भागातून येतात. गेल्या हिवाळ्यात मी जमलेला एक घाणा, माझ्या मते अगदी नेमका, पाव किलो बांधून त्यांना पाठवला. आठवड्याने फोन आला. तब्येत, मुलं, पाऊस-पाणी विचारून झालं. मग ते म्हणाले, "कॉफी चांगली आहे. पण तडतड संपल्यावर तू अर्धा मिनिट जास्त थांबलास. आमच्या मातीची आंबटगोडी तिथे गेली."

मी वही काढली. त्या घाण्याचं पान उघडलं. पहिली तडतड दहा मिनिटं वीस सेकंदांनी, उतरवली तेरा मिनिटं दहा सेकंदांनी. पानाच्या खालच्या कोऱ्या जागेत तारीख टाकून त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच बी, तीच आच, तीच कढई घेतली आणि बारा मिनिटं चाळीस सेकंदांनी उतरवली.

तिसऱ्या दिवशी पहिला घोट घेतला आणि त्या पोस्टवरचा मग आठवला. अण्णांना दुसरं पाकीट त्याच दिवशी पाठवलं.